चिमूटभर जस्त

आमची दादी अंड्यांची टरफलं कधी उकिरड्यावर टाकत नसे. चुलीच्या कडेला एका फुटक्या मडक्यात ती साठवायची, आठवड्याकाठी तव्यावर भाजायची, खलबत्त्यात कुटायची आणि तो भुगा बाजरीच्या कण्यांत मिसळून कोंबड्यांपुढे टाकायची. टरफल तसंच टाकलं तर कोंबडीला आपलंच अंडं फोडून खायची चटक लागते, असं तिचं म्हणणं. लहानपणी मला वाटायचं, दादी कोंबडीचं घेतलेलं कोंबडीला परत करते आहे. कवीला शोभेल अशी ही कल्पना. पण तिच्यात शास्त्रही होतं, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. कोंबड्यांच्या खाद्यावर बोलायचा तुम्हांला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर माझ्यापाशी पदवी नाही, एक कागद तेवढा आहे. त्याचीच हकिकत आधी सांगतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात अम्मीला थंडी वाजून ताप भरला. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला होता आणि तो रक्तापर्यंत पोचला होता. पहिलं औषध चाललं नाही, दुसरंही नाही. मग तपासणीचा कागद आला. त्यावर एकाखाली एक वीस-बावीस औषधांची नावं आणि प्रत्येकासमोर एकेक इंग्रजी अक्षर. ‘एस’ असेल तर त्या औषधाने जंतू मरतो, ‘आर’ असेल तर मरत नाही. मी बोट ठेवून वाचत गेलो. आर, आर, आर, आर. डॉक्टर म्हणाले, “दोनच औषधं उरली आहेत. त्यातलं एक कोलिस्टिन. ते मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून आम्ही ते अगदी शेवटी काढतो.” सुदैवाने दुसऱ्या औषधावर काम भागलं. सतरा दिवसांनी अम्मी घरी आली.

त्यानंतर महिन्याभराने मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो. तिथे माझ्या भाच्याची ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे, तीन हजार पक्ष्यांची. आमच्या घरात दख्खनी बोलतात, पण शेडमधला सगळा व्यवहार मराठीत चालतो. बॅच, मरतूक, लिटर, लिफ्टिंग हे शब्द मी तिथेच शिकलो. पाण्याच्या टाकीजवळ एक डबा होता. सहज उचलून वाचला. नाव तेच, कोलिस्टिन.

मी विचारलं, “हे कशाला रे?”

भाचा म्हणाला, “मामू, ते नेहमीचंच आहे. पिल्लं आली की पहिले चार दिवस पाण्यातून देतो. आजार येऊ नये म्हणून.”

अम्मीचा आजार त्या शेडमधून आला, असं मला मुळीच म्हणायचं नाही. तसा काही पुरावा नाही. पण जे औषध माणसाच्या डॉक्टरने अगदी शेवटी ठेवलं होतं, ते तीन हजार निरोगी पिल्लांना पहिल्याच दिवशी पाजलं जात होतं. आणि ते बेकायदा नव्हतं. तेव्हा सगळीकडे तसंच चालत होतं. त्या दिवसापासून मी या विषयामागे लागलो. पशुवैद्यक डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. त्यातलं जे माझ्यासारख्या माणसालाही समजलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

कोंबडीच्या खाद्यात अँटिबायोटिक आलं कसं? १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत थॉमस ज्यूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं, की ऑरिओमायसिन तयार करताना उरलेला चोथा पिल्लांना खाऊ घातला तर ती भराभर वाढतात. म्हणजे आजार नसतानाही रोज थोडं औषध द्यायचं आणि वजन लवकर मिळवायचं. ही रीत जगभर पसरली. पण रोज थोडं थोडं औषध मिळालं की सगळे जंतू मरत नाहीत. चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालायला बंदी केली. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी डुकरांत, मांसात आणि रुग्णांत असे जंतू सापडल्याचं जाहीर केलं, की ज्यांच्यापाशी कोलिस्टिनला दाद न देणारं जनुक होतं. हे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि मत्स्यपालनात कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली.

आता प्रश्न उरतो शेतकऱ्याचा. औषधाचा डबा काढून घेतला, मग पिल्लं वाचवायची कशाने? याचं उत्तर एका शब्दात नाही. स्वच्छता, कोरडं लिटर, शुद्ध पाणी, वेळेवर लस, मोकळी हवा हे सगळं त्यात येतं. पण या यादीत एक गोष्ट अशी आहे, की जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि जिचं मापही सर्वांत लहान आहे. ती म्हणजे खाद्यातली खनिजं.

खनिजाचं काम समजायचं तर आधी कोंबडीच्या शरीरातला पहारा पाहायला हवा. पहिला पहारा आतड्याच्या भिंतीचा. ही भिंत पेशींच्या एकाच थराची असते. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, जशा विटा चुन्याने जोडाव्यात तशा. हा चुना झडला, की आतड्यातले जंतू फटीतून रक्तात शिरतात आणि पुढे यकृताकडे, हृदयाकडे जातात. भिंत सारखी झिजते आणि दर काही दिवसांनी नवीन बांधावी लागते. या बांधकामाला लागतं जस्त. शरीरातल्या तीनशेहून अधिक एन्झाइमांना जस्ताची गरज असते, आणि जिथे पेशी भराभर तयार होतात तिथे त्याची टंचाई आधी जाणवते.

हे तुम्हांला कोंबडीचं म्हणून परकं वाटेल, पण तुमच्या घरातही ते येऊन गेलेलं असेल. लहान मुलाला जुलाब झाले की डॉक्टर मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुडीबरोबर जस्ताच्या गोळ्या देतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्येच तशी शिफारस केली. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. बाळाच्या आतड्याची भिंत आणि पिल्लाच्या आतड्याची भिंत यांची गरज सारखीच आहे.

दुसरा पहारा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. याची एक मोठी गमतीची गोष्ट आहे. पक्ष्याच्या शेपटीखाली, विष्ठेच्या वाटेजवळ, एक लहानशी पिशवी असते. पदुआच्या फॅब्रिशियस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने चारशे वर्षांपूर्वी तिचं वर्णन केलं. पण तिचं काम काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायोमध्ये ब्रूस ग्लिक नावाच्या विद्यार्थ्याने काही पिल्लांची ही पिशवी काढून टाकली आणि वाट पाहिली. काही झालं नाही. मग त्याच्या एका सोबत्याला, टिमथी चँगला, वर्गात प्रतिपिंडं दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या. त्याने ग्लिककडच्या याच कोंबड्या नेल्या आणि त्यांना साल्मोनेलाचे जंतू टोचले. काही कोंबड्या मेल्या, आणि ज्या जगल्या त्यांच्यातही पिशवी काढलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. पिशवीचं काम सापडलं. त्यांचा निबंध एका मोठ्या नियतकालिकाने परत पाठवला. आम्हां कवींना ‘साभार परत’ काही नवीन नाही. शेवटी १९५६ मध्ये तो कोंबडीपालनाच्या एका नियतकालिकात छापून आला. आज वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी ‘बी’ पेशी शिकतो. त्यातला ‘बी’ हा कोंबडीच्या या पिशवीच्या लॅटिन नावातून, ‘बर्सा’तून आलेला आहे. माणसाच्या प्रतिकारशक्तीचा एक मोठा धडा आपण कोंबडीकडून घेतला आहे.

या पेशी तयार व्हायलाही जस्त लागतं. ते कमी पडलं, की त्यांना घडवणाऱ्या ग्रंथी आक्रसतात. पक्षी वरून बरा दिसतो, चरतो, चालतो. पण घरात चोर शिरला तर उठायला कुणी नसतं.

तिसरं खनिज सेलेनियम. बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८१७ मध्ये हे मूलद्रव्य शोधलं आणि त्याला चंद्राच्या ग्रीक देवतेचं नाव दिलं. पुढे कितीतरी वर्षं ते विष म्हणूनच माहीत होतं. १९५७ मध्ये कळलं, की ते जगायलाही हवं असतं. कारण ते मिळालं नाही तर पिल्लांच्या कातडीखाली पाणी साठतं आणि ती मरतात. याचं काम तंदूरवाल्याला चटकन समजेल. पांढरी पेशी जंतूला जाळून मारते. तिच्या आत प्राणवायूची दाहक संयुगं तयार होतात. पण तंदूरला आतून मातीचं लिंपण नसेल तर आगीने तंदूरच तडकतो. सेलेनियम ज्या एन्झाइमात असतं, ते एन्झाइम हे लिंपणाचं काम करतं. ई जीवनसत्त्व त्याच्या जोडीला असतं. तांबं आणि मँगनीजही असल्याच दुसऱ्या एन्झाइमांत राबतात.

आणि दादीच्या मडक्यातलं कॅल्शियम? अंड्याचं टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. एका टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. अंडं घालणाऱ्या कोंबडीला ते रोज हवं. टरफल पातळ झालं, तडकलं, की जंतूंना आत जायला वाट मिळते. आतही बंदोबस्त आहेच. पांढऱ्या बलकात लोह पकडून ठेवणारं एक प्रथिन असतं. १९४४ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी दाखवलं, की कच्च्या पांढऱ्या बलकात जंतू वाढत नाहीत. पण त्यात लोह घातलं की वाढू लागतात. म्हणजे लोह जसं कोंबडीला हवं तसं जंतूलाही हवं, आणि कोंबडी ते कुलपात ठेवते.

मग दादीच्या कोंबड्यांना खनिज मिश्रणाची पिशवी कधी लागली नाही ती का? कारण त्या दिवसभर माती उकरत, किडे टिपत, पाला खात, आणि वाढायला आठ-दहा महिने घेत. आजचा ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो, आणि त्याची सगळी दुनिया म्हणजे मका आणि सोयापेंड. या दोन्हींत फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो जस्ताला असा धरून ठेवतो, की ते पोटात जातं पण अंगी लागत नाही. माणसांतही हेच घडलं होतं. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद यांना इराणमध्ये काम करताना एकवीस वर्षांचा एक तरुण भेटला, तो दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. तिथली गरीब माणसं जवळजवळ नुसत्या रोटीवर राहत. १९६१ मध्ये प्रसादांनी याबद्दल लिहिलं. रोटीतलं फायटेट जस्त अडवतं आणि त्यामुळे वाढ खुंटते, असा विचार त्यांनी मांडला. पुढच्या संशोधनाने तो खरा ठरला. पोट भरलेलं आणि तरी उपाशी, अशी ही स्थिती. म्हणून कोंबडीच्या खाद्यात फायटेट फोडणारं एन्झाइम घालतात, किंवा जस्त अमिनो आम्लाला बांधून देतात, म्हणजे ते वाटेत अडकत नाही. हे दुसरं महाग पडतं.

आता माप पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये दिलेल्या तक्त्यात ब्रॉयलरच्या एक किलो खाद्यात जस्त ४० मिलिग्रॅम, मँगनीज ६०, तांबं ८ आणि सेलेनियम ०.१५ मिलिग्रॅम एवढी गरज सांगितली आहे. आजचा पक्षी आणखी झपाट्याने वाढतो म्हणून खाद्य बनवणारे याहून काहीसं जास्त घालतात. तरी पन्नास किलोंच्या पोत्यात या हिशेबाने जस्त फक्त दोन ग्रॅम. आणि सेलेनियम साडेसात मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा.

इथेच भाच्याची पहिली चूक होती. तो मका स्वतः भरडून खाद्य बनवतो. खनिज मिश्रण महाग पडतं म्हणून ते निम्मंच घालत होता, औषध मात्र पुरेपूर देत होता. भिंत कच्ची ठेवायची आणि दारात बंदूकवाला बसवायचा, असला तो हिशेब होता. मी आणि डॉक्टरांनी समजावल्यावर त्याने दुसरी चूक केली. म्हणाला, “मामू, एवढा फायदा असेल तर दुप्पट घालतो.”

दुप्पट घालणं हा उपाय नव्हे. सेलेनियम जास्त झालं की अंड्यातलं पिल्लू व्यंग घेऊन वाढतं, अंडी उबत नाहीत. अमेरिकेतल्या साउथ डकोटात जमिनीतच ते जास्त होतं, तिथे १९३० च्या दशकात जनावरांचे खूर गळले होते. आपल्या पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही जमिनींतही ते जास्त आहे. कॅल्शियम जास्त झालं तर ते जस्ताला अडवतं. तांब्याचं आणखी वेगळं. द्राक्षबागायतदाराला मोरचूद माहीत असतो. तो बुरशी मारतो, जंतूही मारतो. म्हणून खाद्यात भरपूर तांबं घालायची पद्धत पडली. पण २००२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांना डुकरांतल्या जंतूंत तांबं पचवणारं जनुक सापडलं, आणि ते औषधांना दाद न देणाऱ्या जनुकांच्या शेजारीच बसलेलं होतं. म्हणजे तांब्याचा मारा करून आपण तेच चिवट जंतू पोसायचे. युरोपीय संघाने डुकरांच्या पिलांना औषध म्हणून दिलं जाणारं जस्त ऑक्साइडही २०२२ पासून बंद केलं, कारण शरीरात न जिरलेलं जस्त शेणखतातून जमिनीत साठतं. आपल्याकडे कोंबडखत शेतातच जातं, हे लक्षात ठेवायला हवं.

आणखी एक सांगायला हवं. खनिज हे औषध नाही. जगभर पिल्लांना मुद्दाम जंतू देऊन आणि खाद्यातलं जस्त बदलून प्रयोग झाले आहेत. अनेक प्रयोगांत पुरेसं जस्त मिळालेल्या पिल्लांच्या आतड्याची हानी कमी झाली. काहींत फारसा फरक दिसला नाही. मूळ खाद्यात किती कमतरता होती यावर ते बरंचसं अवलंबून. कमतरता भरून काढली की फायदा दिसतो. भांडं भरलेलं असताना वरून ओतलं तर ते सांडतं. आजारी पडलेल्या पक्ष्याला जस्त देऊन बरं करता येत नाही. निरोगी पक्षी स्वतःच्या बळावर उभा राहावा, एवढंच त्याचं काम.

भाच्याने शेवटी काय केलं? खनिज मिश्रण डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने सुरू केलं. ते एकदम पोत्यात न टाकता आधी दोन-तीन किलो भरड्यात नीट कालवायचं, मग ते दहा किलोत, मग सगळ्यात. नाहीतर एका कोपऱ्यातल्या पिल्लांना सगळं आणि बाकीच्यांना काहीच नाही, असं होतं. शेडच्या दाराशी पाय बुडवायला जंतुनाशक पाणी ठेवलं. तूस ओलं झालं की बदलू लागला. दोन बॅच चांगल्या गेल्या. तिसरी पावसाळ्यात आली आणि मरतूक सुरू झाली. तो घाबरला, पण डबा उघडला नाही. मेलेले पक्षी तपासणीला नेले. ई-कोलाय निघाला. कोणतं औषध चालेल याचा कागद आला, तेवढंच औषध डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस दिलं, आणि औषधाचा अंश उतरेपर्यंत पक्षी विकले नाहीत. त्या बॅचमध्ये त्याचे पैसे गेले. ते मी लपवणार नाही. पण आता औषध आजारालाच दिलं जातं, आजार येण्याआधी नाही.

तो तपासणीचा कागद त्याने मला दाखवला. माणसाच्या कागदासारखाच होता. एकाखाली एक नावं आणि समोर अक्षरं. मी बोट ठेवून वाचत गेलो. त्यात ‘आर’ होते, पण ‘एस’ही होते.

अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे. परवा मी स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्याच्या कडेला एका वाटीत अंड्यांची टरफलं साठवलेली दिसली. आमच्या शहरातल्या घरी कोंबड्या नाहीत. मी विचारलं, तर म्हणाली, “गावाला जाशील तेव्हा घेऊन जा. भाजून ठेवते.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)